ऐनाच्या पाण्याची गोमाय

खाडीवर पूल नव्हता, जाळी सुताची होती आणि मासे आतापेक्षा मोठे होते, त्या काळची ही गोष्ट. मासे खरंच मोठे होते की नाही कुणास ठाऊक, पण गोमाय होती, असं म्हणतात.

खाडीकाठच्या कोळीवाड्यात ती राहायची. वाड्यामागे ऐनाचं एकच झाड होतं. उन्हाळा आला की ती त्याच्या एका अंगाची साल काढायची, सोललेल्या जागेवर शेणमाती लिंपायची आणि साल हंड्यात उकळून त्या तांबड्या पाण्यात गावाची जाळी बुडवायची. असं जाळं खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. जाळी बुडवता बुडवता तिच्या लक्षात आलं, की आपल्या हाताला काटा लागला तरी कधी चिघळत नाही. तेव्हापासून वाड्यातल्या प्रत्येक जखमेवर तिचं तेच पाणी. तिचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. ती खाडीत हात धुवायची तेव्हा पलीकडच्या तीरापर्यंत पाणी लाल व्हायचं, असं म्हणतात.

त्याच वाड्यात हिरू तांडेल होता, मोठ्या होडीचा म्होरक्या. माणूस सोन्यासारखा, फक्त मिरवायची हौस भारी. आपलं जाळं सगळ्यांहून गडद हवं म्हणून दरवर्षी ते पुन्हा पुन्हा बुडवून घ्यायचा. गोमाय करवादायची आणि बुडवूनही द्यायची.

एका पावसाळ्यात हिरूच्या उजव्या हातात पाकट माशाचा काटा घुसला. हात सुजून काळानिळा पडला, अंगात ताप भरला. गोमायकडची साल जाळी रंगवण्यात संपलेली. हिरूचे खलाशी कोयते घेऊन ऐनाकडे धावले. गोमाय झाडाला पाठ लावून उभी राहिली. उरलेली साल काढली असती तर झाड मेलंच असतं.

"ह्यो ऐन मेला तं उद्याच्या जखमांना काय लावू?" ती म्हणाली आणि रडू लागली, कारण हिरू तिला पोटच्या पोरासारखा होता.

रडता रडता तिची नजर हिरूच्या ओटीवर गेली. तिथे तो तापाने पडला होता आणि वर त्याचं जाळं टांगलेलं होतं, इतक्या वर्षांची साल प्यालेलं.

"त्या जाल्यात माजी सगली साल हाय. उकला त्याला!"

"माज्या जाल्याला हात लावायचा नाय!" हिरू तापातूनही ओरडला. उकळून रंग सुटला की ते जाळं कुजणार, आणि जाळं गेलं की तांडेलकी गेली, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"मंग हात गेल्यावर जालं पायान टाकशील काय रं?" गोमाय म्हणाली. "जालं आमी परत विनू. हात कोन विनल?"

हिरूने डोळे मिटले आणि मान डोलावली.

जाळं हंड्यात गेलं. पाणी इतकं लाल झालं, की वाकून बघणाऱ्यांचे चेहरेही तांबडे झाले, असं म्हणतात. ते निवल्यावर हिरूचा हात मांडीशी धरून गोमाय धूत बसली, ताप उतरेपर्यंत उठलीच नाही. हात वाचला. जाळं मात्र कुजलं. मग घराघराने आपल्या जाळ्याचा एकेक तुकडा कापून दिला आणि हिरूचं नवं जाळं ठिगळाठिगळांचं झालं. त्याने जन्मभर तेच मिरवलं.

गोमाय गेली त्या पावसात ऐनाची सोललेली जागा एका रात्रीत भरून आली, असं म्हणतात.

आता जाळी नायलॉनची. ती कुजत नाहीत, त्यांना साल लागत नाही. जखमेला दवाखाना आहे. तरी होड्या समुद्रात लोटण्याआधी वाड्यात एक हंडा उकळतोच. साल एकाच अंगाची, वर शेणमाती. प्रत्येक तांडेल आपल्या जाळ्याचं टोक त्या पाण्यात बुडवतो. नायलॉन रंग धरत नाही, जाळं गेलं तसंच बाहेर येतं. पण तांडेलाचे हात तांबडे होतात. ते तो घरच्यांना दाखवतो, "गोमाय लागली" म्हणतो आणि मगच होडीला हात घालतो.