बरणीच्या गळ्यातलं घड्याळ

"माल निघायला उशीर आमच्या हातून होत नाही," असं पॅकिंगची हौसाक्का घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होती, पण लोणच्याच्या त्या कारखान्यात तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नियोजनासाठी शहरातून आणलेले हुद्दारसाहेब गळ्यात घड्याळ अडकवून दोन दिवस पॅकिंगच्या बायकांमागं उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला, "निम्मा वेळ या रिकाम्या बसतात. आठांतल्या चौघी कमी करा, मालक."

"बरणीच आली नाही तर खोक्यात काय घालू, तुमचं डोकं?" हौसाक्का कडाडली. "मालक, घड्याळ बरणीच्या गळ्यात बांधा. कुठं किती थांबती, तीच सांगंल."

मालकांना गंमत वाटली. त्यांनी साहेबांचं घड्याळ काढून लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला बांधलं आणि नवरदेवामागून वरबाप निघावा तसे ते वही घेऊन तिच्यामागून निघाले. बरणी भरायला दोन मिनिटं लागली, झाकणाला एक. मग साहेबांच्याच नव्या नियमाप्रमाणे ती तपासणीच्या सहीसाठी त्यांच्या टेबलावर गेली. तिथं आधीच्या शंभर बरण्या ताटकळत होत्या. मालकांचा दोनदा चहा झाला. दोन तासांनी बरणी सुटली आणि हौसाक्कानं ती मिनिटभरात खोक्यात बंद केली.

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मालकांनी साहेबांपुढं वही सरकवली. "चौघी कुठंही जाणार नाहीत. उशीर कुणामुळं होतो, ते तेवढं तुमच्याच हातानं लिहा."

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि लिहिलं, प्रद्योत वामन हुद्दार.