सफरचंदाचा डाग

चाकू बोलत असत, त्या काळची गोष्ट. रेगेकाकांनी हौसेने जमवलेल्या जुन्या अमेरिकन घडीच्या चाकूंच्या पेटीत जो तो आपल्या कारखान्याच्या नावाचा तोरा मिरवी. एका म्हाताऱ्या चाकूचं नाव मात्र झिजून गेलं होतं. पात्यावर उरले होते नुसते काळे-निळे डाग.

"हा सफरचंदाचा," तो सांगे. "मालक बागेत पहिली फोड बायकोला द्यायचा." सांगता सांगता त्याला तिथलं ऊन आठवे, आणि अख्खी पेटी ऐकत राही.

एकदा काकांनी त्याला उचललं. "फार मळलास रे बाबा," म्हणत त्यांनी मायेने घासून घासून पातं आरशासारखं लख्ख केलं.

संध्याकाळी सगळे म्हणाले, "आजोबा, ती बागेची गोष्ट सांगा ना."

म्हातारा लखलखत म्हणाला, "कुठली बाग?"