जुन्या रिव्हॉल्व्हरचा नकार

संस्थानं अजून नांदत होती, त्या काळची ही गोष्ट. कोंडाजीराव किल्लेदारांकडे एक म्हातारं रिव्हॉल्व्हर होतं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की मानाचा पहिला बार त्याचाच निघे. त्या वर्षी जुनी काडतुसं संपली, म्हणून किल्लेदारांनी शहरातून नवी मागवली. ती चक्रात बरोबर बसली, तसे किल्लेदार खूश झाले.

रिव्हॉल्व्हरच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "बाळा, तुझा जोर किती रे?"

"जुन्यांच्या दुप्पट, आजोबा! घाबरलात होय? मापात तर बसलोय की!" काडतूस हसलं.

"बसलास खरा. पण तुझा जोर माझ्या जुन्या पोलादाला सोसायचाय. सोसेलही कदाचित, मला खात्री नाही."

"खात्री नाही, तर सण कशाला नासवता? लोक गंजकं म्हणतील."

तेवढ्यात बार काढायला किल्लेदारांनी म्हाताऱ्याला पूजेच्या पाटावरून उचललं. आपण फुटलो तर फुटलो, पण मूठ धन्याच्या हातात होती. त्याने सारं बळ एकवटून आपला घोडा अडवून धरला.

किल्लेदारांनी तीनदा चाप ओढला. घोडा हलला नाही.

"दाजी, आता हे पोरांना खेळायला द्या!" मेहुणा ओरडला आणि सगळे हसले.

किल्लेदारांनी काडतुसं काढली, रिव्हॉल्व्हर पुन्हा पाटावर ठेवलं आणि त्याच हाताने त्यावर झेंडूचं फूल वाहिलं. आपण शहाणपण केलं की भ्यालो, हे म्हाताऱ्याला कधीच कळलं नाही. ती पाच बोटं मात्र त्याला एकेक जाणवली.