वगळलेलं गाव

“पण बाबा, मग भगवं वस्त्र मला केव्हा मिळणार?”

निळकंठाच्या आवाजात विनंती कमी आणि हक्क जास्त होता.

“तुला काय काय येतं रे?” सांबय्याबाबांनी विचारलं.

“मराठी माझीच. तेलुगू शिकलो, गोंडी शिकलो, छत्तीसगढीत तर भांडूसुद्धा शकतो. प्राणहितेच्या दोन्ही काठांवर माझं कुठंच अडत नाही.”

“खरं आहे.”

ते खरंच होतं. पोरगा हुशार होता, आणि त्याला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

“अन् जंगूबाई?”

निळकंठानं आश्रमासमोरच्या वाटेकडे पाहिलं.

जंगूबाई पाड्यावरची म्हातारी. रोज पाण्याची घागर घेऊन आश्रमावरून जायची. तिला पाहिलं की बाबा गोंडी लग्नगाणं सुरू करायचे. त्यात गावोगावच्या देवांना लग्नाला बोलवायचं असतं. एखादं गाव राहिलं, तर गाणं पुन्हा पहिल्यापासून. बाबांचं एक गाव हमखास राहायचं. मग म्हातारी कपाळावर हात मारायची, घागर उतरवायची आणि हसत हसत सगळं गाणं स्वतः म्हणायची.

“तिचा तर त्रासच वाचवला मी,” निळकंठ म्हणाला. “एक दिवस मीच तिला पूर्ण गाणं म्हणून दाखवलं. एकही गाव सोडलं नाही. ती म्हणाली, ‘बराबर हाय.’”

“मग?”

“मग गेली.”

“आता कुठून जाते?”

“...वरच्या वाटेनं. थांबत नाही.” त्याला राहवलं नाही. “बाबा, रागावू नका. पण इतकी वर्षं इथं काढून तुम्हाला एवढं एक गाणं येऊ नये?”

बाबांनी डोळे मिटले आणि गाऊ लागले.

नदीकाठची गावं आली, डोंगरातली आली. एकही राहिलं नाही. शेवटच्या देवाला बोलावून ते थांबले.

निळकंठाचा चेहरा पडला.

“तुम्ही रोज सोडायचात ते गाव... कुणाचं?”

“तिचं माहेर.”

तेवढ्यात वरच्या वाटेवर जंगूबाई दिसली. डोक्यावर घागर, नजर समोर. आश्रमाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

निळकंठाला फार वाईट वाटलं. वस्त्राचं तो विसरूनच गेला.

“बाबा, आता मी काय करू?”

“ऊठ. ती लांब नाही गेली अजून. जा, गाणं म्हण...”

“आणि?”

“अन् ते गाव विसरून दाखव.”