अस्वलमावशीच्या उड्या

फार जुनी गोष्ट. माझ्या पणजोबांच्या शेळीनं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती शेळी कधी खोटं बोलत नसे.

सुगरण पक्षिणीनं ओढ्यावर गवताचा झुलता पूल विणला आणि रानाला सांगितलं, "पूल सगळ्यांचा. ज्याला जे जमेल ते त्यानं करावं." वानरांनी वेली आणल्या, खारींनी गाठी मारल्या. अस्वलमावशी मात्र तिकडे फिरकेना. पलीकडे जांभळं पिकून गळत होती, तिची पिल्लं हट्ट करत होती, तरी नाही.

शेवटी सुगरणच तिच्या गुहेशी गेली. "मावशी, रुसलात का?"

"रुसते कशाला, बाई? तीनदा गेले, तीनदा पाण्यात पडले. वानरं म्हणाली, विणता येत नाही ते नाही, वर मोडायला येते! मग जाणंच सोडलं."

"कुठं पडलात?"

"आंब्याच्या फांदीखाली. दर वेळी तिथंच."

सुगरणीनं आनंदानं गिरकीच घेतली. "अहो, पूल करकरतो, पण कच्ची जागा महिनाभर सापडत नाहीये! आम्ही हलके, आम्हाला कशी कळणार? चला, पुन्हा पडा!"

मावशी पुलावर चढून नाचली. धप्पकन पाण्यात! खारींनी लगेच तिथं दुहेरी वीण घातली.

संध्याकाळी पिल्लांची तोंडं जांभळी झाली होती, आणि मावशी पुलाच्या मधोमध उभी राहून वानरांना दरडावत होती, "व्हा बाजूला! नवी गाठ आहे, आधी मला उड्या मारू द्या!"