एकाच हंड्यातली खिचडी

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका बर्फाळ डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावामागे एक गुहा होती आणि तिच्यात बारा महिने बर्फ असे. लोणी म्हणा, मांस म्हणा, गुहेत ठेवलं की महिनोन् महिने जसंच्या तसं राही.

त्या गावात चिमाक्का नावाची एक बाई राहत होती. घरात नवरा आणि दोन दीर. नवरा पारावर बसून गावाचे तंटे मिटवी, मधला लाकडं तोडी, धाकटा मेंढ्या राखी. एक दुपारी जेवायला येई, दुसरा उन्हं कलल्यावर, तिसरा दिवेलागणीला, आणि तिघांनाही ताटातून वाफ निघालेली हवी असे. चूल मात्र तिघांपैकी एकालाही पेटवता येत नव्हती. हरवलेली मेंढी कड्यावरून उतरवून आणणाऱ्या माणसाला चार काटक्या पेटवता येऊ नयेत, याला काय म्हणावं? पण नव्हत्या येत खऱ्या.

चिमाक्का मेटाकुटीला आली होती. थंडीत सरपण धान्याइतकंच जपून वापरावं लागे, आणि इथे ते प्रत्येकाच्या वेळेला वेगळं जळत होतं.

तिची एकुलती एक लेक खिंडीपलीकडच्या गावात दिली होती. मागच्या खेपेला लेकीचं बाळंतपण आलं, तेव्हा "आम्ही खायचं काय?" असं तिघांनी एका सुरात विचारलं होतं आणि चिमाक्का थांबली होती. लेक वाचली, मूल वाचलं नाही. घरात त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही, पण चिमाक्काला ते रोज आठवे.

आता लेकीचे पुन्हा दिवस भरत आले होते. लोकर विकणाऱ्यांचा तांडा खिंडीकडे निघणार होता. एकदा बर्फ पडू लागलं की खिंड थंडी सरेपर्यंत बंद.

या वेळी तिने कुणाला काही विचारलं नाही. गावजेवणाला लागणारा, सासऱ्यांच्या वडिलांचा बिडाचा हंडा काढला आणि एकाच जाळावर काठोकाठ मुगाची खिचडी शिजवली. अर्धी थंडी निघेल एवढी. उरलेल्या अर्ध्या थंडीत तरी हे लोक चूल पेटवायला शिकतील, अशी तिला भाबडी आशा होती. मग रानातली पानं आणून तिने द्रोण लावले. एका द्रोणात एका माणसाचं एका वेळचं जेवण. गुहेत ठेवायचं, भूक लागली की एक द्रोण आणायचा, गोठलेला गोळा पातेल्यात टाकून घोटभर पाणी घालायचं आणि मूठभर काटक्यांवर गरम करायचा. काटक्या पेटवायच्या कशा, हेही तिने तिघांना बसवून दाखवलं. तिघांनी माना डोलावल्या. बघितलं किती जणांनी, देव जाणे.

अंगणात द्रोणांच्या ओळी निवत होत्या. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने डोकावून विचारलं, काय हो, वाटण्या झाल्या वाटतं घरात? तेवढं ऐकायला नवरा नेमका दारात उभा. त्याचा चेहराच उतरला.

"एका घरात हे तुझं, हे माझं?" तो म्हणाला. "उद्या गाव म्हणेल, तंटे मिटवणाऱ्याच्याच घरात चुली वेगळ्या झाल्या."

"अहो, वेगळ्या चुलीसाठी नाही हे. आता मऊ आहे तोवर वाटलं, तर गोठल्यावर सुटं निघेल."

पण ऐकेल तर तो नवरा कसला! त्याने एकेक द्रोण पुन्हा हंड्यात उपडा केला. आपल्या घराण्यात सगळे एकाच भांड्यातलं खातात, असं शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, आणि तिघा भावांनी हंडा उचलून गुहेत नेऊन ठेवला. तिकडे तांड्याची हाक आली. चिमाक्काने कपाळावर हात मारला, गाठोडं उचललं आणि ती निघाली.

व्हायचं तेच झालं. खिचडीचा दगड झाला. धाकटा भुकेला आला, पण एकट्याने हंडा हलेना. तिघांनी मिळून तो घरी आणला आणि शेजाऱ्याकडून विस्तव मागून त्याच्याखाली ढीगभर सरपण जाळलं. तळ करपला, मधे बर्फच राहिलं. करपलेलं खाऊन हंडा पुन्हा गुहेत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा तापवला. शेवटी वरची खिचडी आंबली आणि तिघेही पोट धरून बसले.

खिंडीच्या पायथ्याशी वारा पडण्याची वाट पाहत तांडा इतके दिवस थांबून होता. तिथे धाकटा धापा टाकत पोचला.

"वहिनी, परत चला. हंड्यातला गोळा फुटत नाही आणि आम्ही उपाशी आहोत."

बर्फ भुरभुरायला लागलं होतं. आता मागे फिरलं तर खिंड बंद होणार, हे चिमाक्काला दिसत होतं. आवाज न चढवता ती म्हणाली,

"भावोजी, मागच्या खेपेला मी तुमच्या जेवणासाठी थांबले आणि माझं नातवंड गेलं. या खेपेला तुम्ही थोडे उपाशी राहा."

ती खिंडीत शिरली. धाकटा घराकडे वळला.

इकडे नवऱ्याने कुऱ्हाड उचलली आणि खिचडीवर घाव घातले. शेवटचा घाव हंड्यावर बसून हंडा उभा चिरला. गोठलेल्या खिचडीचे लहानमोठे तुकडे उडाले. थोरला म्हणाला, मी थोरला, मोठा तुकडा माझा. मधला म्हणाला, लाकडं माझी जळली. धाकटा म्हणाला, खिंडीपर्यंत धावलो मी. गावाचे तंटे मिटवणाऱ्याला घरातला तंटा मिटवता आला नाही. आपापला तुकडा घेऊन तिघे तीन कोपऱ्यांत गेले. भूक अशी लागली होती की चूल पेटवायलाही तिघे शिकले, पण तीन वेगळ्या चुली.

बर्फ वितळलं तशी चिमाक्का परतली. नात झाली होती, गोरीगोमटी, तिच्या मांडीवर हसायला लागलेली. ही बातमी कधी सांगते असं तिला झालं होतं. पण वळणावरून तिने पाहिलं, तर एकाच छपरातून धुराच्या तीन रेघा निघत होत्या. ती झपाझप चालू लागली.

घरी पोचली तेव्हा नवरा चिरलेल्या हंड्याशेजारी बसला होता. मान खाली घालून त्याने विचारलं, आता काय करायचं?

चिमाक्काने वाटेत तोडून आणलेला पानांचा गठ्ठा त्याच्यापुढे टाकला. "मी एकाच जाळावर शिजवते, तुम्ही द्रोण लावा. आणि भावोजींना बोलवा, तेही लावतील."

तात्पर्य: जे वाटायचं आहे ते मऊ असतानाच वाटावं, गोठल्यावर वाटायला गेलं तर भांडंही फुटतं आणि घरही.