राजाच्या शेजघरातला दिवा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती, ते विचारू नका. सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. डोंगरावर एक गड होता आणि गडाखाली चार-दोन गावांचं लहानसं राज्य होतं. पोरांनो, ऐका. आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्ही तर जास्तच कान देऊन ऐका.

त्या राज्यात एक रीत होती. राजाच्या शेजघराच्या खिडकीत, जाळीच्या आड, रात्रभर एक मोठा दिवा जळायचा. तो खालच्या गावांतून दिसायचा. आया लेकरांना थोपटताना म्हणायच्या, "तो बघ दिवा. आपला राजा जागा आहे. झोप आता." दिवा दिसला की गाव बिनघोर झोपायचं.

गाव झोपायचं, पण राजाचं काय? ते कुणी कधी विचारलंच नाही.

दिवा विझू नये म्हणून शेजघराच्या बाकीच्या खिडक्या कायम बंद असायच्या. आत तेलाची काजळी आणि जीव नकोसा करणारा उकाडा. राजानं सदा सज्ज असावं म्हणून पलंगाभोवती ढाली-तलवारी मांडलेल्या. खिडकीखाली प्रहराप्रहराला नगारा वाजायचा. दाराला कडी नव्हती. कारभारी, हेर, ज्याला वाटेल तो केव्हाही आत येऊन कानाशी कुजबुजायचा. अशा खोलीत डोळ्याला डोळा लागेल का हो कुणाचा?

राणीला हे दिसत होतं. एका सकाळी राजाचे लालभडक डोळे पाहून ती म्हणाली, "अहो, ही झोपायची खोली आहे की पहारेकऱ्यांची देवडी? तो दिवा बुरुजावर ठेवा, पहारेकरी आळीपाळीनं सांभाळतील. नगारा दूर न्या. खिडक्या उघडा, जरा वारा येऊ दे."

राजा हसला. "आणि लोक काय म्हणतील? राजा घोरत पडलाय म्हणतील. आज सगळे म्हणतात, आमचा राजा झोपतच नाही."

हे सांगताना त्याची छाती फुगली होती. अरे, झोप न मिळणं हा काय पराक्रम आहे? पण राजाच तो, त्याला कोण सांगणार!

राजा तसा मनानं चांगला होता. हट्टी होता, पण चांगला होता. म्हणून तर पुढचं सांगताना वाईट वाटतं.

त्या राज्यात न्यायनिवाड्याचीही एक रीत होती. दोन्ही बाजू ऐकून राजानं हात वर केला की आरोपी सुटला. राजानं मान खाली झुकवली की शिक्षा कायम. तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. आणि एकदा झुकलेली मान मागे घ्यायची नाही.

एका पावसाळ्यात गावच्या तलावाचा बांध एका बाजूनं फुटला. उभी शेतं वाहून गेली. लोक खवळले आणि त्यांनी रायाजीला धरून दरबारात आणलं. रायाजी त्या बांधाची राखण करायचा. कारभारी म्हणाला, "महाराज, यानं हलगर्जीपणा केला. याला हद्दपार करावं."

रायाजीची बायको भिवरा खांबाला धरून उभी होती. रायाजी हात जोडून बोलू लागला, "महाराज, माझी चूक असेल तर डोकं उडवा. पण बांध घुशींनी आतून पोखरलाय. मी कधीपासून ओरडतोय, कुणी मनावर घेत नाही. एकदा स्वतः येऊन बिळं बघा. नाहीतर उरलेला बांधही जाईल."

दुपारची वेळ होती. दरबारात सगळे शांत होते आणि रायाजी एका सुरात बोलत होता. कित्येक रात्रींची झोप राजाच्या डोळ्यांवर येऊन बसली. त्याच्या पापण्या मिटल्या आणि मान खाली गेली.

"हद्दपार!" कारभाऱ्यानं पुकारा केला.

त्या आवाजानं राजा दचकून जागा झाला. समोर शिपाई रायाजीला ओढत होते आणि भिवरा त्याच्या बाहीला धरून हंबरडा फोडत होती. काय झालं ते राजाला क्षणात कळलं. "थांबा, मला डुलकी लागली होती," एवढंच म्हणायचं होतं. पण भरल्या दरबारात हे म्हणायचं कसं? कधीच न झोपणारा राजा होता ना तो! शब्द ओठावर आले आणि तिथेच राहिले. रायाजीला घाटापलीकडे नेऊन सोडलं.

पाऊस सरायच्या आत उरलेला बांधही गेला. दुरुस्तीला गेलेल्या माणसांना मातीत कोपरापर्यंत हात जाईल अशी बिळं सापडली. राजानं ते ऐकलं मात्र, तडक घोडेस्वार पिटाळले. "रायाजीला असेल तिथून मानानं घेऊन या."

स्वार परत आले ते एक घोंगडी घेऊन. घाटापलीकडच्या रानात, एका ओसाड धर्मशाळेत, रायाजी तापानं गेला होता. पाणी द्यायलाही जवळ कुणी नव्हतं.

राजानं ती घोंगडी स्वतः उचलली आणि अनवाणी गड उतरला. भिवराच्या अंगणात सगळं गाव जमलं. तिच्यापुढे घोंगडी ठेवून तो म्हणाला, "भिवराबाई, त्या दिवशी मी मान झुकवली नव्हती. मला झोप लागली होती. रायाजीचं बोलणं मी ऐकलंच नाही. आणि चूक कळल्यावरही लाजेपायी गप्प बसलो."

भिवरानं घोंगडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "महाराज, रोज रात्री तुमचा दिवा बघून आम्ही म्हणायचो, राजा आमच्यासाठी जागतोय. रात्रभर घोरत पडला असतात तरी आमचं काही अडलं नसतं हो. माझा माणूस हात जोडून बोलत होता, तेवढा वेळ जागं राहायला हवं होतं."

तिनं घोंगडी उचलली, छातीशी धरली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. राजा अंगणात तसाच उभा राहिला. कुणी त्याला बस म्हणालं नाही.

त्याच संध्याकाळी शेजघर रिकामं झालं. शस्त्रं शस्त्रागारात गेली, नगारा वेशीवर गेला, दिवा बुरुजावर गेला. खिडक्या उघडल्या, काजळी धुतली, दाराला आतून कडी बसली. राहिला तो एक पलंग, धुतलेली गोधडी आणि अंधार.

दुसऱ्या दिवशी घाबरलेले लोक गडावर धावत आले. "महाराज, खिडकीत दिवा नव्हता! आमचं रक्षण कोण करणार?"

राजा म्हणाला, "बुरुजावर पहारेकरी आळीपाळीनं जागतील. मी रात्री झोपणार आहे. दिवसा मला तुमचं ऐकायचं आहे."

मान झुकवून शिक्षा द्यायची रीतही त्यानं मोडली. आरोपी जे बोलला ते राजानं आधी स्वतःच्या तोंडानं पुन्हा सांगायचं, मगच निकाल द्यायचा, असं ठरलं. त्यानंतर त्या राज्यात न ऐकता कुणाला शिक्षा झाली नाही. पण रायाजी काही परत आला नाही, आणि भिवरानं मरेपर्यंत गडाकडे मान वर करून पाहिलं नाही.

बोध एवढाच: जो आपल्या झोपेच्या खोलीतून उजेड, गोंगाट आणि काम बाहेर ठेवत नाही, तो खऱ्या गरजेच्या वेळी जागा राहू शकत नाही.